एका न लिहिणाऱ्या टाइपरायटरविषयी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानासाठी बोलावले की तो महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. यंदा चालकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी त्यांना एका खेळण्याचे नाव सांगितले. ते क्षणभर गप्पच राहिले. आमचे एक स्नेही तर म्हणाले, "अहो, युनियन सोडलीत की काय?" युनियन सोडलेली नाही. जो प्रश्न मी आजवर कारखान्याच्या फाटकावर मांडीत आलो, तोच आज या खेळण्याच्या निमित्ताने तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ, असे झालेले आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कृपा करून ठेवू नये. यंत्रे पाहिलेली आहेत आणि यंत्रापाशी उभी राहणारी माणसे पाहिलेली आहेत, एवढेच माझे भांडवल.

आता हे खेळणे कसले, ते आधी सांगतो. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०२१ साली एक टाइपरायटर बाजारात आणला. तो तयार मिळत नाही. खोक्यात प्लॅस्टिकचे २,०७९ तुकडे येतात, सोबत एक चित्रांचे पुस्तक येते, आणि ते पाहून तो आपला आपण जोडावयाचा. खोक्यावर वय लिहिलेले आहे : १८ वर्षे व त्यापुढे. म्हणजे हे खेळणे बाळगोपाळांसाठी नाही, मिशा फुटलेल्यांसाठी आहे. निघाले तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १९९ डॉलर ९९ सेंट होती. डॉलरचा त्या वेळचा भाव धरला तर सुमारे पंधरा हजार रुपये झाले.

जोडून पुरा झाला की फिकट हिरव्या रंगाचा, सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर रुंदीचा, जुन्या घाटाचा एक टाइपरायटर टेबलावर उभा राहतो. इंग्रजी अक्षरांच्या कळा आहेत, कागद चढवायला रूळ आहे, खऱ्या कापडाची रिबन आहे. कळ दाबली की मधोमध एक दांडा वर उसळतो आणि वरची कॅरेज एक पाऊल डावीकडे सरकते. ओळ संपली की ती हाताने परत ढकलावयाची. खरा कागद घातला तर तोही रुळावर चढतो. सगळे काही होते, फक्त अक्षर उमटत नाही. कोणतीही कळ दाबा, वर येणारा दांडा तोच एक, आणि त्यावर छाप नाही. खोक्यात कंपनीच्या मालक-घराण्यातल्या गृहस्थाचे चाहत्यांना लिहिलेले पत्र ४३ भाषांत दिलेले आहे. ते रुळावर चढवून शोभा आणावी अशी योजना आहे. ते पत्र अर्थातच छापखान्यातून छापूनच आलेले असते.

तुम्ही म्हणाल, पंधरा हजार रुपये मोजायचे, अनेक संध्याकाळी घालवायच्या आणि शेवटी हाती काय, तर न लिहिणारा टाइपरायटर! आमच्या आळीत अशा माणसाला वेडा म्हणतील. मलाही प्रथम तसेच वाटले. पण एखादी गोष्ट जगभरची शहाणीसुरती माणसे करू लागली, तर तिला वेड म्हणून मोकळे होण्यापूर्वी तिच्या मुळाशी कोणती भूक आहे हे पाहावे, अशी आम्हा चळवळीतल्या लोकांना सवय असते. संपाचेही तसेच असते. बाहेरच्याला तो खुळेपणा वाटतो. आत शिरले की कारण सापडते.

प्रथम या विटांची कुळकथा पाहू. डेन्मार्कात बिलुंड नावाचे एक खेडे होते. तेथे ओले किर्क क्रिस्तियानसन नावाचा एक सुतार राहत असे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ साली हा सुतार शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि त्याबरोबर लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली त्याने धंद्याला लेगो हे नाव दिले. डॅनिश भाषेत 'लाय गॉट' म्हणजे 'छान खेळा'. त्या दोन शब्दांची डोकी जोडून हे नाव झाले. १९४२ साली कारखाना जळाला, तो पुन्हा उभा केला. युद्धानंतर त्याने प्लॅस्टिकचा रस साच्यात दाबून वस्तू पाडणारे यंत्र विकत घेतले आणि १९४९ साली एकमेकांत बसणाऱ्या विटा काढल्या. ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. हिलरी फिशर पेज नावाच्या एका इंग्रज खेळणीकाराने तशा विटा आधी केल्या होत्या आणि लेगोच्या पहिल्या विटा त्याच नमुन्यावरून घेतलेल्या होत्या. सुताराच्या मुलाने, गोटफ्रेड याने, त्यात जी भर घातली ती मात्र निर्णायक ठरली. जुन्या विटा आतून पोकळ होत्या, त्या एकमेकींवर बसत पण धरून राहत नसत. त्याने विटेच्या पोटात नळ्या बसवल्या. खालच्या विटेच्या डोक्यावरची बटणे वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट दाबून बसतात. ओढले तर सुटतात, न ओढले तर वर्षानुवर्षे धरून राहतात. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याने या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी म्हातारा सुतार वारला.

या विटेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक, १९५८ नंतरची कोणतीही वीट आजच्या विटेवर बसते. बटणापासून बटणाचे अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. आजोबांची वीट नातवाच्या विटेत बेमालूम बसावी इतके हे माप काटेकोर पाळलेले आहे. दुसरे, थोड्या विटांतून होणाऱ्या रचनांची संख्या. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. हे गणित कोपनहेगनच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने मांडले आहे. आमच्या संघटनेला मी नेहमी हेच सांगतो. माणसे सहाच असली तरी चालेल, जोडणी कशी करता ते महत्त्वाचे. असो.

आता टाइपरायटरकडे वळू, कारण ज्याची ही प्रतिमा केली ते मूळ काय होते हे ठाऊक नसेल तर प्रतिमेचा अर्थ लागत नाही. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना ते सांगावे लागणार नाही. पण पुढच्या रांगेत बसलेल्या मुलामुलींनी कदाचित टाइपरायटर चित्रातच पाहिला असेल.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरी क्रिस्तोफर लेथम शोल्स नावाचा एक मुद्रक आणि वृत्तपत्रकार होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. पुढे बंदुका आणि शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली तो विक्रीस आणला. पहिल्या यंत्रावर शिवणयंत्रासारखी फुलांची नक्षी होती आणि कॅरेज परत आणायला पायाखाली पावटा होता. ते फक्त मोठी अक्षरे लिहीत असे, आणि अक्षर रुळाच्या खालच्या अंगाला उमटत असल्यामुळे काय लिहिले ते लगेच दिसतही नसे. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात शिफ्टची कळ आली आणि लहानमोठी दोन्ही अक्षरे लिहिता येऊ लागली. अक्षरांचा जो क्रम शोल्सने आणि रेमिंग्टनच्या कारागिरांनी तेव्हा ठरवला, तोच थोड्या फरकाने आज तुमच्या खिशातल्या मोबाइलवर आहे, आणि या प्लॅस्टिकच्या टाइपरायटरवरही आहे.

खऱ्या टाइपरायटरच्या पोटात काय चालते तेही थोडक्यात सांगतो. कॅरेजला एक पट्टा बांधलेला असतो आणि तो एका गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या डब्याला जोडलेला असतो. स्प्रिंग कॅरेजला सतत डावीकडे ओढीत असते, पण एक दातेरी चाक तिला अडवून धरते. कळ दाबली की अक्षराचा दांडा रिबनवर आपटतो, आणि त्याच हिसक्याने ते चाक बरोबर एक दाता सुटते. म्हणून अक्षरामागून अक्षर सारख्या अंतरावर पडते. म्हणजे ज्या बोटाने अक्षर मारले, तेच बोट पुढच्या अक्षराची जागाही मोकळी करून देते. हातातल्या कामात पुढच्या कामाची सोय झालेली असणे, याहून चांगली कारागिरी ती कोणती?

या यंत्राने कचेऱ्यांचे जग बदलले. अमेरिकेत विसावे शतक उजाडेपर्यंत टंकलेखकांत बहुसंख्या स्त्रियांची झाली होती. आपल्याकडे हे यंत्र आधी साहेबाच्या कचेरीत आले, मग वकिलाच्या, मग गावोगाव टायपिंगच्या क्लासात. जिन्याखालची खोली, ओळीने मांडलेली आठ-दहा यंत्रे, एकदम उठणारा खडखडाट, आणि मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द अशा सरकारी परीक्षांची तयारी करणारी मॅट्रिक झालेली मुले-मुली. कित्येक घरांत पहिला महिन्याचा पगार या खडखडाटातून आला. कित्येक मुलींनी घराबाहेर पडून नोकरी धरली ती या चाळीस शब्दांच्या बळावर. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर मांडून बसणारे तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहेत.

आणि आपल्या मराठीचे काय? रोमन लिपीची अक्षरे सव्वीस. आपली व्यंजने, स्वर, काने-मात्रे, जोडाक्षरे यांचा संसार मोठा. इतक्या कळा यंत्रावर मावणार कशा? म्हणून देवनागरी टाइपरायटरवर पुष्कळशी अक्षरे तोडून बसवली. आधी अर्धे अक्षर मारावयाचे आणि मग काना मारून ते पुरे करावयाचे. 'ख' असा, 'ध' असा, 'भ' असा, दोन ठोक्यांत तयार होई. म्हणजे आमचा मराठी टंकलेखक खऱ्या अर्थाने तुकडे जोडून अक्षर बांधीत होता. ज्याला आज परदेशी खेळ म्हणतात ते वीटकाम त्याने पोटासाठी आयुष्यभर केले, आणि तेही न पाहता, मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या वेगाने.

हे यंत्र आपल्याच मातीतही तयार होऊ लागले. १९५५ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने भारतात बनवलेला पहिला टाइपरायटर काढला. परदेशातून आणल्याशिवाय ज्यावाचून कचेरी चालत नसे, ती वस्तू येथल्या कामगाराने घडवली, याचे त्या काळी फार अप्रूप होते आणि ते योग्यच होते. त्यात शेकडो बारीक भाग, प्रत्येकाचे माप वेगळे, आणि शेवटी प्रत्येक अक्षराचा दांडा एकाच रेषेत आपटेल असा हाताने जुळवून घेणारा कसबी माणूस. पुढे संगणक आला. २००९ साली त्या कंपनीने टाइपरायटरचे उत्पादन थांबवले. हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. टंकलेखकाच्या मानेला आणि बोटांना किती त्रास होता हे ज्याने जवळून पाहिले आहे, तो जुन्या यंत्राची आरती ओवाळीत बसणार नाही. परंतु एक पुरे कसब पन्नास-पंचावन्न वर्षांत आले आणि गेले, एवढी नोंद तरी आपण ठेवली पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हा विटांचा टाइपरायटर कंपनीच्या मनात प्रथम आला नाही. तो स्टीव्ह गिनेस नावाच्या, इंग्लंडच्या चेस्टर शहरातल्या एका हौशी माणसाच्या मनात आला. लेगो कंपनीने एक व्यवस्था केलेली आहे : कोणीही आपला नमुना तेथे मांडावा, आणि दहा हजार लोकांनी त्याला पाठिंबा दिला की कंपनीची समिती तो विचारात घेते. निवडला गेला तर कंपनी तो बाजारात आणते आणि कल्पना मांडणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम देते. गिनेसने काय केले? एक जुना टाइपरायटर विकत घेतला, त्याच्याशी खटपट करीत तो बारकाईने न्याहाळला, आणि मग विटांतून तशी हालचाल कशी होईल हे जमवीत बसला. दहा हजार पाठिराखे मिळाले, नमुना निवडला गेला. कंपनीच्या लोकांनीही आपल्या संस्थापक सुताराच्या जुन्या टाइपरायटरची आठवण त्याला जोडली आणि खोके बाजारात आले.

एक टक्का हा वाटा थोडा की पुरेसा, यावर वाद होऊ शकेल. तडजोडीच्या मेजावर बसणाऱ्या माणसाला तो थोडाच वाटणार. परंतु शोल्सची गोष्ट आठवा. खरा टाइपरायटर ज्याने घडवला, त्या शोल्सने आपले हक्क बारा हजार डॉलरांना विकून टाकले. पुढे जगभर जे लाखो टाइपरायटर खपले त्यातला वाटा त्याच्या हाती आला नाही. खऱ्या यंत्राच्या जनकाला एकरकमी मोबदला आणि खेळण्याच्या जनकाला प्रत्येक नगामागे वाटा, ही या कथेतली मला सर्वांत बोलकी विसंगती वाटते. कल्पनेवर कल्पना करणाऱ्याचा हक्क असतो एवढे तरी दीडशे वर्षांत जगाने मान्य केले, आणि ते आपोआप मान्य झालेले नाही.

एका तरुण ओळखीच्या घरी हा टाइपरायटर जोडला जात असताना मी दोन-तीन संध्याकाळी जाऊन बसलो होतो. मुलगा संगणकाच्या कंपनीत नोकरीला. दिवसभर तो जे काम करतो त्याचे पुढे काय होते, ते कोण वापरतो, हे त्याला नीटसे माहीत नाही. एका मोठ्या योजनेतला एक लहानसा तुकडा त्याच्या वाट्याला येतो, तो पुरा करून तो पुढे देतो. रात्री जेवण झाले की हा मुलगा तुकडे रंगवारीने वाट्यांत काढून बसे. दोन तासांनी चार कळा एकत्र हलू लागल्या की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई. मी विचारले, "यात तुला काय मिळतं?" तो म्हणाला, "काका, हे पुरं होतं. आणि पुरं झालं की आत काय आहे ते मला सगळं माहीत असतं."

बंधुभगिनींनो, हे उत्तर ऐकून मी पुष्कळ वेळ गप्प होतो. आम्ही युनियनवाले कामगाराचे दुःख सांगताना पगार सांगतो, तास सांगतो, अपघात सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण आणखी एक दुःख आहे, ते मागणीपत्रात लिहिता येत नाही. ज्याने एकाच बोल्टावर वीस वर्षे पाना फिरवला त्याला मोटार आपण केली असे वाटत नाही. जुना सुतार पाट करी, तो पाट त्याचा असे. चांभार जोडा करी, तो जोडा त्याचा असे. कारखान्याने काम वाटले, उत्पादन कित्येक पटींनी वाढले, वस्तू स्वस्त झाल्या, आणि त्याच्या मोबदल्यात माणसाच्या हातून वस्तूचे पुरेपण निघून गेले. आज हे केवळ कारखान्यापुरते राहिलेले नाही. बँकेत, इस्पितळात, संगणकाच्या कंपनीत तेच चालू आहे. जे कामाने नेले ते माणूस आता फुरसतीत, स्वतःच्या पैशाने विकत घेऊन परत मिळवू पाहतो आहे. पंधरा हजारांच्या खोक्यात तो टाइपरायटर विकत घेत नाही. एक वस्तू पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत आपल्या हाताने करण्याचा अनुभव तो विकत घेतो.

यावर आक्षेप आहेत, ते मी लपवू इच्छीत नाही. पहिला आक्षेप असा की हे पुरेपणही उसने आहे. पुस्तकात चित्र दाखवले तेथेच तुकडा बसवावयाचा. यात स्वतःचे काय? हे खरे आहे. पण सुतारकीही उमेदवार आधी उस्तादाचे पाहूनच शिकतो. आणि या तुकड्यांचा गुण असा की टाइपरायटर मोडून त्यांचे दुसरे काही करता येते. गिनेससारखा एखादा पुस्तक बाजूला ठेवतो आणि तेथेच खरी कारागिरी सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हौशी माणसाला पुरेपणाचा आनंद मिळावा म्हणून त्या विटा कोणीतरी पाडलेल्या असतात. लेगोचे कारखाने डेन्मार्कात आहेत, हंगेरीत आहेत, मेक्सिकोत आहेत, चीनमध्ये आहेत. तेथे साचे यंत्रावर चालतात आणि पाळीपाळीने माणसे ती यंत्रे सांभाळतात. त्यांच्या वाट्याला एक पुरी वस्तू येत नाही, तुकडेच येतात. म्हणजे एकाचा खेळ दुसऱ्याच्या तुकड्या-तुकड्याच्या कामावर उभा आहे. याचे उत्तर खेळणे फेकून देणे हे नाही. विटा पाडणाऱ्यालाही संध्याकाळी घरी बसून काही पुरे करता यावे इतका पगार आणि इतका वेळ मिळाला पाहिजे, हे त्याचे उत्तर आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, रुखरुख आहे. त्या मुलाची आई पूर्वी एका सहकारी संस्थेत टंकलेखिका होती. टाइपरायटर पुरा झाला त्या दिवशी मुलाने तिला समोर बसवले. तिची बोटे न पाहता बरोबर आपापल्या कळांवर गेली. तिने एक ओळ मारली, कॅरेज परत ढकलली, मग कोऱ्या कागदाकडे पाहून हसली आणि मला म्हणाली, "बरंय भाऊ, यात चूक म्हणून व्हायची नाही!" आम्ही सगळे हसलो. परंतु त्या हसण्यात तिची सव्वीस वर्षे होती. सहा प्रतींसाठी पाच कार्बन घालून शेवटच्या प्रतीवर अक्षर उठावे म्हणून जोराने मारलेल्या कळा होत्या, पाचव्या ओळीत चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मारलेला कागद होता, आणि साहेबाच्या सहीखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत मारलेली नावाची दोन आद्याक्षरे होती. त्या पत्रावर तिची तेवढीच खूण. यंत्राचा आकार या खेळण्यात हुबेहूब आला आहे, यंत्रापुढे बसणारी मात्र त्यात आलेली नाही. ती आणण्याचे काम लेगो कंपनीचे नाही. ते तुमचे-आमचे आहे. घरात कोणी जुना टंकलेखक, खिळे जुळवणारा जुळारी, गिरणीतला जॉबर असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि त्याचे काम काय होते ते त्याच्या तोंडून ऐका. वस्तूंची संग्रहालये पुष्कळ झाली. कामाची आठवण ठेवणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्या प्रश्नाला येतो. हे खेळणे खेळायला काय लागते? पैसा लागतो, हे उघड आहे. तुकडे रात्रभर पसरून ठेवता येतील असे टेबल लागते, म्हणजे घरात जागा लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, वेळ लागतो. थकून न गेलेला वेळ. हा वेळ कामगाराला कोणी भेट म्हणून दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी-मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज एका खेळण्याला बाजारात यायला दहा हजार पाठिराखे लागतात. त्या दिवशी दहा हजारांनी खेळायला एक दिवस मिळवला. आपण सर्वजण रविवारी सकाळी उशिरा उठतो तेव्हा त्या दहा हजारांचे देणेकरी असतो.

पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हे प्रमाण ठरवले. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. कागदावर हिशेब बरोबर जुळतो : चार दिवस बारा-बारा तास, की झाले अठ्ठेचाळीस. पण ज्याने बारा तास उभे राहून काम केले आहे आणि जाण्यायेण्यात आणखी तीन तास घालवले आहेत, त्याला विचारा की त्या संध्याकाळी तू मुलाशी काय बोललास. आणि रोजावर असणाऱ्याची संमती कशी मिळवली जाते, हे फाटकावर उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. वेळ हा बेरजेचा विषय नाही. दोन तासांच्या सहा संध्याकाळी आणि बारा तासांचा एक मोकळा दिवस या दोन गोष्टी समान नाहीत. माणूस थोडा थोडा करून जगतो, आणि वस्तूही तशीच थोडी थोडी करून जोडतो.

मी तुम्हांस हे खोके विकत घ्या असे सांगावयास आलो नाही. जुन्या बाजारातून मोडकी सायकल आणून ती जोडा, पेटीचे भाते दुरुस्त करा, घड्याळ उघडा, गोधडी शिवा. भूक तीच भागेल आणि पैसेही वाचतील. मला एवढेच सांगावयाचे आहे की मोठ्या माणसाचे खेळणे हा चेष्टेचा विषय नाही. कामगाराने आठ तासांनंतर काही वाचले, तबला वाजवला, प्लॅस्टिकच्या विटांचा टाइपरायटर केला, तर ती चैन नाही. त्या वेळात तो दुसऱ्याच्या योजनेतला तुकडा राहत नाही, स्वतः एक पुरा माणूस असतो. हा वेळ पगाराइतकाच हक्काचा आहे. मागणीपत्रात त्याला पहिले कलम मिळाले नाही तरी शेवटचे कलम मिळू नये, एवढी माझी विनंती आहे.

राहता राहिला तो न लिहिणारा टाइपरायटर. त्याच्या रुळावरचा कागद कोराच राहणार. आमच्या कचेरीतल्या जुन्या, अक्षरे झिजलेल्या टाइपरायटरवर शेकडो मागणीपत्रे निघाली; आता ती संगणकावर निघतात. यंत्र कोणतेही असो, काय लिहावयाचे ते यंत्र सांगत नाही. ते तुम्हांआम्हांलाच ठरवावे लागते, आणि ते ठरवायला फुरसत लागते.